एक मीटर सत्तावन्न

१

दुपारी अडीच वाजता मी अपोलिन दार्वेलच्या घराचं कुलूप काढतो. आधी खालच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा उघडायच्या, मग जिन्यातला दिवा लावायचा, मग वर जाऊन पलंग पाहायचा. पलंग पाहणं हे सुरुवातीला माझ्या कामात नव्हतं. ते माझ्या गळ्यात कसं पडलं, ते सांगतो.

अपोलिनबाई आमच्या व्हर्नेज गावच्या. त्यांनी अकरा कादंबऱ्या लिहिल्या, पॅरिसमध्ये नाव काढलं आणि मरायला मात्र गावी परत आल्या. त्यांच्या नावाची इथे एक गल्ली आहे, एक बेकरी आहे आणि एक मंडळ आहे. मंडळात आम्ही चौदा जण. त्यातल्या निम्म्यांनी त्यांची एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नाही, आणि मी त्याच निम्म्यांतला. माझी चाळीस वर्षं जमिनीच्या मोजणीत गेली. माझी बायको क्लोतिल्द वाचते आणि जेवताना मला गोष्ट सांगते, तेवढाच माझा साहित्याशी संबंध.

यंदा मे महिन्यात बाईंना जाऊन दीडशे वर्षं झाली. आमचा अध्यक्ष जेर्वे, म्हणजे गावातला औषधवाला, म्हणाला की त्यांच्या घरात दहा दिवस प्रदर्शन भरवू आणि रोज चार वाजता त्यांची शेवटची पत्रं वाचू. वरची खोली त्या गेल्या त्या दिवशी होती तशी मांडायची, ही कल्पना माझी. जेर्वेचं काम एका पलंगावर आणि पुढे बांधलेल्या दोरीवर भागत होतं. मी म्हटलं, करायचं तर बिनचूक करू. अर्धवट मापं मला कधीच सहन झाली नाहीत.

बिनचूक म्हणजे कसं, हे फिलोमेन आजीला विचारलं. आजी एक्क्याण्णव वर्षांची. तरुणपणापासून गावात कुणी गेलं की अंग पुसायला आणि खोली लावायला तिलाच बोलावणं जायचं. ती खुर्चीत बसून एकेक सांगत गेली आणि मी एकेक करत गेलो. आरशावर पांढरी चादर टाकली. घड्याळाचा लंबक हाताने धरून काटे बाई गेल्या त्या वेळेवर, चार वाजून वीस मिनिटांवर, थांबवले. पाण्याची सुरई आधी भरली आणि मग अंगणात ओतली, कारण ओतायचं तर आधी पाणी असायला हवं. उशाशी तिवईवर वाटीत पवित्र पाणी ठेवलं आणि त्यात ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली हिरवी डहाळी. नळाचं पाणी चालेल की, असं जेर्वे म्हणाला. मी फादरांकडे जाऊन बाटली भरून आणली.

पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून पत्रं वाचणार होती क्लोतिल्द. आदल्या वर्षी तिच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. नंतरची औषधं, उलट्या, गळलेले केस, सगळं पार पडून आता डोक्यावर बोटभर केस आले होते. ती पस्तीस वर्षं शाळेत शिकवत होती, आणि त्या एका वर्षात तिने मोठ्याने एक ओळ वाचली नव्हती. हे दहा दिवस तिला हवेच होते. प्रदर्शन संपल्यावर चार दिवसांनी तिची तपासणी होती, आणि त्याविषयी आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

२

पहिल्या दिवशी पाऊणशे माणसं आली. गावातली म्हातारी मंडळी जिना चढून वर आली, उंबऱ्यात थबकली, टोप्या काढल्या. मग एकेकाने पुढे होऊन वाटीतली डहाळी उचलली आणि रिकाम्या पलंगावर पाणी शिंपडलं. आमच्याकडे अशी लावलेली खोली दिसली की हात आपोआप डहाळीकडे जातो. बाहेरगावचे पाहुणे हसत होते. मलाही हसू आलं. जेर्वे म्हणाला, बरं झालं, ढेकूण तरी मरतील.

मी दाराशी उभा होतो. बाहेर पडताना बेकरीवाल्या ओदेतबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"धीर धरा, आन्सेल्म."

"ओदेतबाई, त्यांना जाऊन दीडशे वर्षं झाली."

त्या कानापर्यंत लाल झाल्या. खोली पाहिली आणि तोंडातून गेलं, म्हणाल्या. त्यांच्या मागून आलेल्या माणसानेही माझा हात तसाच दाबला.

संध्याकाळी झडपा लावून मी अभिप्रायाची वही उघडली. अकरा जणांनी लिहिलं होतं. सात जणांना प्रदर्शन आवडलं होतं. चौघांनी लिहिलं होतं, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. मी वही जेर्वेला दाखवली.

"टेबलावर काळं कापड कुणी घातलं?" त्याने विचारलं.

"मी."

"दाराशी काळ्या टेबलावर वही ठेवतोस, वर प्रेताची खोली लावतोस. मग माणसं काय तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणार?"

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी मी हिरवं कापड घातलं. त्या दिवशी नऊ जणांनी दुःखात सहभागी असल्याचं लिहिलं, आणि त्यातल्या दोघांनी वर माझं नाव घातलं होतं.

३

चौथ्या दिवशी मला पलंगातला खळगा दिसला.

गादी जुनी, पिसांची. क्लोतिल्दने ती पहिल्याच दिवशी झोडून, वर पांढरी चादर ताणून घातली होती. आता त्या चादरीखाली मधोमध एक लांबट खळगा होता, कुणी रात्रभर निजून उठल्यासारखा. कुणा पाहुण्याने दोरी ओलांडून अंग टाकलं असेल असं मला वाटलं. माणसांना असल्या गमती सुचतात. मी काठीने गादी सारखी केली, चादर ताणली आणि निघताना खोलीला वेगळं कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात होती.

पाचव्या दिवशी अडीच वाजता खळगा तिथेच होता.

मांजर असेल म्हणून मी पलंगाखाली पाहिलं, धुराडं पाहिलं, खिडकीच्या कड्या पाहिल्या. जुन्या गादीतली पिसं दमट हवेत बसतात, हेही मी स्वतःला सांगितलं. बसतात, हे खरं आहे. पण पिसं बसली तर सगळीकडे बसतील. इथे डोक्याच्या जागी गोल खड्डा होता, कमरेपाशी खोल, आणि पायांकडे तो उथळ होत गेला होता.

मला दुसरं काही येत नाही. मी खिशातून टेप काढला.

डोक्यापासून टाचेपर्यंत एक मीटर सत्तावन्न सेंटीमीटर भरले. मी पुन्हा मोजलं, आकडा तोच आला. मग खाली येऊन काचेच्या पेटीपाशी गेलो. तिथे अपोलिनबाईंचा इटलीच्या प्रवासाचा परवाना मांडला होता. त्या काळी परवान्यावर फोटो नसायचे, माणसाचं वर्णन असायचं. कपाळ रुंद, डोळे करडे, उंची एक मीटर एकाहत्तर.

म्हणजे हा खळगा त्यांचा नव्हता. मला क्षणभर हायसं वाटलं, आणि तेही किती मूर्खपणाचं होतं ते जिना चढताना कळलं. एक मीटर सत्तावन्न हा आकडा मला पाठ होता. बावीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या फळ्या मी त्याच मापाने लावल्या होत्या, म्हणजे क्लोतिल्दला स्टूल घ्यावं लागू नये.

मी पुन्हा पलंगापाशी उभा राहिलो. खळग्याच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या थोडं खाली, आणखी एक लहानसा खड्डा होता. मूठभर. ऑपरेशननंतर क्लोतिल्द डाव्या कोपराखाली छोटी उशी घेऊन निजते. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

त्या खोलीत घड्याळ बंद असल्याने कसलाही आवाज नव्हता. मला माझाच श्वास ऐकू येत होता आणि तो मला आवडला नाही.

४

त्या दिवशी जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, वाचून दमल्यावर तू त्या पलंगावर जरा आडवी होतेस का?

ती हसली. "झाले असते तर तुझ्या नजरेतून सुटलं असतं का? तू तर आमलेटलाही टेप लावशील."

मग ती बटाट्याच्या पाईचा तुकडा ताटात इकडून तिकडे सरकवत राहिली. मी विचारलं, वाचन कसं चाललंय. छान चाललंय, म्हणाली. इतक्या शांतपणे कधी वर्गातल्या पोरांनीही ऐकलं नव्हतं. कुणी खोकत नाही, खुर्ची सरकवत नाही.

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे कुणी बघत नाही. सगळे पलंगाकडे बघत असतात. आधी मला राग यायचा. आता वाटतं, बरं आहे, माझे केस कुणाला दिसत नाहीत."

मी म्हटलं की उद्यापासून वाचन बंद करू, तुला शीण होतोय. तिने काटा खाली ठेवला.

"आन्सेल्म, एक वर्ष मी फक्त डॉक्टर सांगतील ते ऐकलं. आता हे पाच दिवस लोकांना माझं ऐकू दे. नंतर काय व्हायचं ते होऊ दे."

मी तिला काय खळग्याचं माप सांगणार होतो? मी ताटं उचलून धुवायला नेली. तिला ते सांगितलं नाही याची आजही मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वाचन संपल्यावर मी वही उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, प्रिय आन्सेल्म, वाचतानाचा तिचा आवाज कायम आठवत राहील. खाली ओदेतबाईंची सही होती. क्लोतिल्द माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून कॉफी पीत होती आणि जेर्वेच्या कुठल्याशा विनोदावर हसत होती. मी वही मिटून बगलेत धरली.

बेकरीत जाऊन ओदेतबाईंना विचारलं तर त्या गोंधळल्या. आवाज छान आहे एवढंच लिहायचं होतं म्हणाल्या. असं कसं लिहून गेले, म्हणून त्यांनी दोनदा माफी मागितली आणि मला अक्रोडाचा केक बांधून दिला. मी तो घरी नेला नाही.

५

फिलोमेन आजी अंगणात उन्हाला बसली होती. मी तिला खळग्याचं सांगितलं, वहीचं सांगितलं. मापही सांगितलं.

"पोरा, तू विचारत गेलास तसं मी सांगत गेले," ती म्हणाली. "सत्तर वर्षं हेच केलं. आरसा, घड्याळ, पाणी. सगळं नीट लागलं की मला बरं वाटायचं. या खेपेला एक विसरलेच. आम्ही खोली लावायचो ती कुणी गेल्यावर. आधी कधीच नाही."

"ते नुसतं प्रदर्शन आहे, आजी."

"तुला आणि मला. माणसं तर खरंच पाणी शिंपडून जातायत ना?"

मी विचारलं की आता सगळं काढून टाकलं तर. ती म्हणाली, ज्याच्यासाठी खोली लावली तो दारातून बाहेर गेला की घड्याळ चालू करतात आणि आरसा उघडतात. त्याआधी कुणी उघडल्याचं तिने पाहिलेलं नाही, त्यामुळे काय होतं ते तिला माहीत नाही. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

मी उठलो तेव्हा तिने माझा हात धरला आणि दोन्ही हातांत दाबला. मी तो ओढून घेतला.

मी जेर्वेकडे गेलो आणि प्रदर्शन बंद करू म्हटलं. तो दुकानात गोळ्यांची खोकी लावत होता. शेवटच्या दिवशी जिल्ह्याहून लोक येणार, दोन शाळा येणार, तुझं डोकं फिरलंय का, असं त्याने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाला की तपासणी जवळ आलीय म्हणून तुला असं होतंय, झोपेची गोळी देऊ का? मला तेच खरं वाटावं अशी फार इच्छा होती. मी गोळी घेतली.

६

शेवटच्या दिवशी क्लोतिल्द माझ्याबरोबर अडीचलाच आली. लोक येण्याआधी तिला शेवटचं पत्र एकदा मोठ्याने वाचून पाहायचं होतं. खुर्ची खिडकीकडे थोडी वळवून ती बसली, चष्मा लावला आणि वाचू लागली. खळगा तिच्या कोपराला लागून होता. तिने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी गादी काठीने सारखी करायला गेलो तर म्हणाली, "राहू दे रे, रोज रोज काय. जुनी गादी आहे."

म्हणजे तिने तो रोज पाहिला होता.

त्या क्षणी मी ठरवलं. लोक यायला अजून तासभर होता. मी खाली जाऊन सुरई भरून आणली आणि जागेवर ठेवली. ती वाचत होती. घड्याळाचं दार उघडून मी लंबक ढकलला. टिकटिक सुरू झाली. इतक्या दिवसांनी त्या खोलीत काहीतरी हललं होतं, आणि मला वाटलं की झालं, इतकं सोपं होतं. क्लोतिल्दने वाचता वाचता भुवया उंचावल्या, पण ती थांबली नाही. पत्रात अपोलिनबाई आपल्या बहिणीला लिहीत होत्या की जर्दाळूच्या झाडाला यंदा फार फुलं आली आहेत.

मी आरशासमोर गेलो आणि चादर ओढली.

आरशात खोली होती. खिडकी, तिवई, वाटी, डहाळी. खिडकीकडे थोडी वळवलेली खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. खुर्चीच्या बैठकीची वेताची वीण मला स्पष्ट दिसली. माझ्या पाठीमागे, तिथूनच, क्लोतिल्दचा आवाज येत होता. फुलं आली आहेत, ती वाचत होती, पण मधमाश्या कुठेच दिसत नाहीत. मग पान उलटल्याचा आवाज आला.

पलंगाकडे मी पाहणार नव्हतो. पण नजर गेली. चादर हनुवटीपर्यंत ओढलेली होती. उशीवर बोटभर केस दिसले आणि चादरीबाहेर काढलेलं डावं कोपर, त्याखाली आमच्या घरातली छोटी निळी उशी.

यापुढे मी काही पाहिलं नाही. हातातली चादर आरशावर फेकली. ती एका बाजूने घसरली, ती पुन्हा ओढली. घड्याळाचा लंबक मुठीत धरला, काटे मागे फिरवून चार वाजून विसावर आणले. सुरई खिडकीतून अंगणात रिकामी केली. माझे हात हे सगळं किती सराईतपणे करत होते.

"आन्सेल्म?"

मी वळलो. ती खुर्चीत बसली होती, बोट ओळीवर ठेवून, चष्म्यावरून माझ्याकडे पाहत.

"चेहरा का असा झालाय? बस जरा." मग तिने घड्याळाकडे पाहिलं. "चालू केलंस ते बरं वाटत होतं. बंद का केलंस?"

मी म्हटलं, पाहुणे येतील, जसं होतं तसं हवं. बिनचूक.

चार वाजता तिने वाचलं. खोली, जिना, खालचा दिवाणखाना सगळं भरलं होतं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. मी दाराशी उभा होतो, आणि बाहेर पडताना एकूण एक माणसाने माझा हात दाबला.

७

चार दिवसांनी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद तीनदा वाचले आणि हसून सांगितलं की सगळं स्वच्छ आहे, कुठे काही नाही. क्लोतिल्द त्यांच्यासमोरच रडली. संध्याकाळी जेर्वे वाइनची बाटली घेऊन आला. मीही प्यालो, मीही हसलो.

वरची खोली मी आवरू दिलेली नाही. कायमस्वरूपी ठेवू, शाळेची मुलं येतील, असं मंडळाला पटवलं. जेर्वेला ती मोठी कल्पना वाटली. खोटं बोलायला मला फारसं जड गेलं नाही. रोज अडीच वाजता मी कुलूप काढतो, वर जातो आणि काठीने गादी सारखी करतो. दुसऱ्या दिवशी खळगा पुन्हा तिथेच असतो, कणभर अधिक खोल. ऑगस्टपासून काठी पुरत नाही, गुडघा टेकून दोन्ही हातांनी पिसं वर ओढावी लागतात.

घरी क्लोतिल्द माझ्या आधी उठते. कॉफी करते, पाव शेकते, स्वयंपाकघरातून कालच्या पुस्तकातली गोष्ट सांगत राहते. तिचा आवाज पूर्वीसारखाच आहे. लोक म्हणतात तिची तब्येत सुधारली.

जूनमधल्या एका सकाळी पांघरूण घडी करताना मला पहिल्यांदा दिसलं. आमच्या पलंगावर माझ्या बाजूला माझा खळगा होता, एकेचाळीस वर्षांच्या संसाराचा. तिच्या बाजूची चादर सपाट होती. एक सुरकुती नव्हती. निळी उशी जिथे ठेवली तिथे तशीच फुगलेली होती. मी हात लावून पाहिला, जागा थंड होती. मी टेप काढला नाही. मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं.

पांघरूण रोज मीच घडी करायचं असं मी ठरवून टाकलं आहे. ती म्हणते, म्हातारपणी शहाणा झालास. ती न्हाणीघरात गेली, पाण्याचा आवाज आला की मी तिच्या बाजूला ओणवा होतो आणि मुठींनी गादी दाबतो. आधी डोक्याची जागा, मग कमर, मग पाय. शेवटी कोपराने एक लहानसा खड्डा, डाव्या बाजूला. मापात चूक होत नाही, ते मला पाठ आहे. ती केस पुसत परत येते तेव्हा तिच्या बाजूला कुणीतरी निजलं होतं असं दिसायला हवं, एवढंच माझ्या हातात उरलं आहे.